बॅटरी बदलण्यापूर्वी

यंदाच्या स्मरणिकेसाठी धान्यबाजाराच्या स्थितीविषयी चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची सूचना होती. बाजाराच्या स्थितीविषयी आम्ही रोज सकाळी पेढीवर बोलतोच, आणि आमच्या बोलण्याने भाव काही हलत नाहीत. यास्तव मंडळाची क्षमा मागून आम्ही निराळ्याच विषयास हात घालीत आहोत. विषय आहे मालवाहू पिकअप गाडीच्या चार्जिंगचा. साठी ओलांडलेल्या, मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने विजेच्या यंत्रावर लिहावे, हे काहींस हास्यास्पद वाटेल. परंतु ज्या अज्ञानापायी आमचे पैसे गेले आणि एक चांगला माणूस जाता जाता राहिला, ते अज्ञान आमच्या एकट्याचे नाही. आज ज्याच्या पेढीपुढे एकही पिकअप उभी राहत नाही, असा व्यापारी बेळगावच्या आमच्या पेठेत शोधावा लागेल.

आमचे म्हणणे असे, की सकाळी गाडी सुरू झाली नाही म्हणजे प्रथम बॅटरीला आणि तिच्या पाठोपाठ ड्रायव्हरला दोषी धरण्याची जी रीत आपल्यात पडली आहे, ती तोट्याची आहे आणि अन्यायाचीही आहे. तराजूवर न घालता आपण एक पोते घेत नाही की देत नाही. मग सहा-सात हजारांची बॅटरी केवळ कुणाच्या तोंडच्या शब्दावर कशी काय बदलतो?

घडलेली हकीकत प्रथम सांगतो.

आमची पिकअप आठवड्यातून दोन वेळा तूरडाळ, हरभरा व तांदूळ घेऊन चोर्ला घाटाने गोव्यात जाते. साखळी, म्हापसा येथील दुकानदारांचा माल उतरवून रात्री परत येते. ड्रायव्हर आमच्याकडे अकरा वर्षे आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये एके सकाळी गाडीचा सेल्फ फिरेना. नुसता कटकट आवाज करून तो थांबे. हमालांनी धक्का देऊन गाडी सुरू केली, बॅटरीवाल्याने बॅटरी 'गेली' म्हणून सांगितले, आम्ही नवी बसविली. मे २०२३ मध्ये पुन्हा तेच. गॅरंटी होती म्हणून बॅटरी दुकानी नेली, तर दुकानदाराने ती रात्रभर चार्ज करून परत दिली आणि बॅटरीत काही दोष नाही असे सांगितले. वास्तविक येथेच आमचे डोळे उघडावयास हवे होते. बॅटरीत दोष नाही आणि तरी ती रिकामी होते, याचा अर्थ ती भरली जात नाही किंवा कोठेतरी गळते आहे. गोदामात पोती कमी भरली तर आपण आवक पाहतो आणि उंदीरही पाहतो. आम्ही मात्र रागाने दुसऱ्या कंपनीची बॅटरी आणली. आणि 'तू रात्री केबिनचा दिवा चालू ठेवतोस, मोबाइल लावून ठेवतोस, म्हणून हे होते' असे म्हणून ड्रायव्हरच्या पगारातून तीन हजार रुपये कापून घेतले.

तो तेव्हा एवढेच म्हणाला होता, "अण्णा, रात्री मीटरमधला तो लाल दिवा काजव्यासारखा मिणमिणतो. गाडी चालू असताना. एकदा बघून घ्या." आम्ही बघितले नाही. भर दुपारी किल्ली फिरवून दिवा लागतो व इंजिन सुरू होताच विझतो, एवढे पाहिले आणि त्याचे म्हणणे निमित्त समजून सोडून दिले.

जुलैच्या आरंभी तीच तक्रार पुन्हा आली, तेव्हा एका गॅरेजच्या सल्ल्याने जुना आल्टरनेटर देऊन दुरुस्त केलेला दुसरा बसवून घेतला. जुलैच्या अखेरीस, ऐन पावसात, गाडी गोव्याहून रिकामी परत येत असता घाट चढून कणकुंबीच्या अलीकडे पुढचे दिवे मंदावत मंदावत निखाऱ्यासारखे झाले, वायपर अर्ध्यावर थांबू लागला. धुक्यात पुढचे वळण दिसेना, तेव्हा ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली. तेथे इंजिन बंद पडले ते पुन्हा सुरू झाले नाही. मोबाइलला रेंज नव्हती. तो आणि बरोबरचा हमाल रात्रभर केबिनमध्ये बसून राहिले. मागून येणाऱ्या वाहनाला गाडी दिसावी म्हणून हातातली विजेरी लाल पिशवीत गुंडाळून त्यांनी मागे टांगली होती. इकडे त्याची पत्नी रात्री अकरा वाजता आमच्या दारी येऊन उभी राहिली. तिला काय उत्तर द्यावे हे आम्हास सुचले नाही. सकाळी टोचन करून गाडी आणली. ड्रायव्हरने किल्ली गादीवर ठेवली आणि पुढच्या महिन्यापासून आपण येणार नाही असे सांगितले. आवाज चढविला नाही.

त्याच दुपारी सूनबाईंनी, ज्या पेढीचा हिशेब पाहतात, गाडीखात्याचे पान आमच्यापुढे ठेवले. दोन बॅटऱ्या, एक आल्टरनेटर, मजुरी, टोचनचे भाडे मिळून वर्षाच्या आत २१,००० रुपयांवर खर्च पडला होता. "मामंजी, यात तपासणीचा एक रुपयाही नाही," असे त्या म्हणाल्या. हे वाक्य आमच्या चांगलेच वर्मी लागले.

दुसऱ्या दिवशी परिवहनाच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेल्या एका वृद्ध वायरमनांना आम्ही बोलाविले. त्यांनी आल्या आल्या बॉनेट उघडले नाही. "गाडी कोण चालवतो, त्याला बोलवा," म्हणाले. ड्रायव्हरला निरोप पाठविला. तो आला. लाल दिवा मिणमिणतो हे ऐकताच वृद्ध गृहस्थ हसले व म्हणाले, "मग अर्धे काम यानेच केले आहे."

आता येथे यंत्राची थोडी माहिती देणे भाग आहे. गाडीची बॅटरी म्हणजे शिल्लक रक्कम, आणि इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा आल्टरनेटर, ज्याला आपले लोक अजून डायनॅमोच म्हणतात, ती रोजची आवक. इंजिन चालू असता दिवे, वायपर, हॉर्न यांचा खर्च आवकीतून भागावा आणि उरलेले शिलकीत जमा व्हावे, अशी योजना असते. आवक तुटली की सर्व खर्च शिलकीवर पडतो. आमच्या गाडीची बॅटरी ७५ अँपिअर-तासांची. पुढचे दोन दिवे सुमारे १० अँपिअर ओढतात, धुक्याचे दोन दिवे जवळपास तेवढेच, वायपर व इतर मिळून आणखी पाच-सहा. म्हणजे पावसाळी रात्री २५ अँपिअरचा खर्च. कागदावर ही शिल्लक तीन तास पुरते, आणि सेल्फ फिरविण्याची ताकद तर त्याच्या बरीच आधी संपते. म्हणूनच हा दोष दिवसा लपतो आणि घाटात, रात्री, पावसात उघडा पडतो.

हे सर्व मोजता येते, आणि मोजण्याचे साधन म्हणजे मल्टिमीटर. साधा मीटर काहीशे रुपयांत मिळतो. तो वीस व्होल्टच्या डी.सी. खुणेवर ठेवून लाल काडी बॅटरीच्या अधिक टोकाला व काळी उणे टोकाला लावावी. चांगली भरलेली बॅटरी काही तास विसावल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते. १२.२ म्हणजे जवळजवळ निम्मी रिकामी, आणि १२ च्या खाली म्हणजे शिल्लक संपत आली. सेल्फ फिरत असता आकडा साडेनऊ-दहाच्या खाली कोसळू नये. बॅटरी पूर्ण भरलेली असूनही कोसळला, तर मात्र बॅटरीला दोष देण्यास आधार आहे. यानंतर इंजिन सुरू करून पुन्हा मोजावे. सर्वसाधारण गाडीत १३.८ ते १४.५ दिसावेत. इंजिन चालू असूनही बारा-साडेबारावरच काटा रेंगाळत असेल तर आवक बंद आहे. १५ च्या वर जात असेल तर आवक बेफाम झाली आहे. बॅटरीचे पाणी उडते, बल्ब जळतात, आणि हा दोष पहिल्याहून वाईट समजावा. अलीकडच्या काही गाड्यांत आल्टरनेटरचा दाब गाडीचा संगणकच कमीअधिक करीत असतो. त्या गाड्यांत एका आकड्यावरून निकाल देऊ नये.

वृद्ध वायरमनांनी इंजिन सुरू करून सगळे दिवे लावावयास सांगितले. खर्च चालू असल्याखेरीज हा दोष पुरता दिसत नाही. बॅटरीवर मीटर लावला तो १२.६. आम्ही लगेच म्हणालो, "म्हणजे आल्टरनेटर पुन्हा गेला." ते काही बोलले नाहीत. त्यांनी लाल काडी आल्टरनेटरच्या मागील जाड तारेच्या बोल्टला आणि काळी त्याच्याच अंगाला लावली. आकडा १४.४! माल कारखान्यातून पुरा निघतो आहे आणि गोदामात कमी पोहोचतो आहे. तेव्हा चोरी वाटेत. मग लाल काडी आल्टरनेटरच्या बोल्टला आणि काळी बॅटरीच्या अधिक टोकाला लावली. एकाच तारेची ही दोन टोके असल्याने येथे आकडा जवळजवळ शून्य यावा, दोन-तीन दशांशांच्या वर जाऊ नये. तो १.६ आला. आल्टरनेटरचे अंग आणि बॅटरीचे उणे टोक यांच्यात ०.२ आला. बेरीज करून पाहा: १२.६, १.६ आणि ०.२ मिळून १४.४ होतात. रोजमेळ जुळला म्हणजे आम्हास जो आनंद होतो, तो त्या क्षणी चिंतेतही झाला, हे कबूल करतो.

लाल दिव्याचेही कोडे तेथेच सुटले. आमच्या गाडीत त्या दिव्याच्या एका बाजूस आल्टरनेटरचा दाब येतो व दुसऱ्या बाजूस बॅटरीचा. दोन्ही सारखे असले की दिवा विझलेला राहतो. दीड-पावणेदोन व्होल्टचा फरक पडला की तो क्षीण मिणमिणतो, आणि दिवसाउजेडी तो दिसणे शक्यच नाही. आमच्या ड्रायव्हरने दोषाचे नेमके लक्षण दोन महिने आधी आमच्या कानी घातले होते.

तारेवरून हात फिरवीत ते डाव्या दिव्याच्या मागे आले, तेथे काळ्या टेपचा गोळा होता. त्यास बोट लावता चटका बसला. टेप सोडविली तर आत जाड तार मध्येच तोडून बारीक तारेच्या तुकड्याने नुसती पीळ देऊन जोडलेली. तांबे हिरवे होऊन पीठ झालेले. हे कोणी केले? २०२१ च्या पावसाळ्यापूर्वी धुक्याचे दिवे बसविण्याची आज्ञा आम्हीच दिली होती. चांगल्या वायरमनाने सांगितलेली मजुरी आम्हास अधिक वाटली, म्हणून रस्त्याकडेच्या एकाकडून तीनशे रुपयांत काम उरकून घेतले होते. त्याने दिव्यांसाठी वीज घेण्याकरिता ही मुख्य तारच तोडली. ते तीनशे रुपये वाचविल्याचे आम्हास त्या वेळी किती समाधान वाटले होते!

दुरुस्ती काय झाली तर योग्य जाडीची अखंड तार, दोन्ही टोकांस दाबून व डाग देऊन बसविलेली थिंबले, आणि धुक्याच्या दिव्यांस स्वतंत्र रिले व फ्यूज. खर्च ६४० रुपये आणि वृद्ध गृहस्थांनी नको नको म्हणत घेतलेली मजुरी. नंतर सर्व दिवे लावून मोजले: आल्टरनेटरवर १४.३, बॅटरीवर १४.१. जो आल्टरनेटर आम्ही बदलला तो बहुधा चांगलाच होता, आणि भंगारात दिलेल्या दोन बॅटऱ्यांपैकी एक तरी जिवंत असावी. कापलेले तीन हजार आम्ही ड्रायव्हरच्या हाती परत दिले व चूक आमची होती असे हमालांच्या देखत सांगितले. त्याने नोटा मोजल्या नाहीत. किल्ली मात्र उचलली.

आता काही सभासद म्हणतील, की हे मेकॅनिकचे काम आहे, आपण त्यात का पडावे? वैद्याचे काम वैद्याने करावे हे खरे. पण ताप किती आहे हे घरच्याने मोजले तर वैद्यावर अविश्वास होत नाही. उलट मोजलेला आकडा घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकाशी गॅरेजवालाही सांभाळून बोलतो. आमचा रोष गॅरेजवाल्यांवर नाही. आपण त्यांच्याकडे जातो तेच मुळी 'बॅटरी बदलून द्या' असे म्हणत. गिऱ्हाईक मागेल तो माल देणे हा बाजाराचा रिवाज आहे. 'गाडी का बंद पडली ते मोजून सांगा आणि मोजण्याची मजुरी घ्या' असे म्हणणारे गिऱ्हाईक आपल्यात किती? तपासणीचे पैसे देणे आपल्या जिवावर येते, आणि वस्तूचे पैसे मात्र हाती काही आले म्हणून सुखाने देतो.

आमच्या वडिलांच्या जुन्या ट्रकला डॅशबोर्डवर अँपिअरचा काटा असे, मध्ये शून्य, एका अंगास अधिक व दुसऱ्या अंगास उणे. अक्षरशत्रू क्लीनरदेखील काटा उणेकडे झुकला की सांगत असे. तो काटा जाऊन लाल दिवा आला. दिवा आवक साफ तुटल्यावर बोंब मारतो, पण आवक अपुरी पडू लागल्याचे स्पष्ट सांगत नाही. प्रगती झाली खरी. रोजचा हिशेब दिसेनासा झाला हेही खरे.

सगळ्यांच्या गाडीत आमच्यासारखी तुटकी तार निघेल असे नाही. पुष्कळदा दोष याहून साधा असतो. पट्टा सैल होऊन, विशेषतः पावसात, चीं-चीं करीत घसरतो. अंगठ्याने दाबता सुमारे सेंटिमीटरभर दबावा, अधिक नव्हे, आणि हे इंजिन बंद करूनच पाहावे. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावी, पुसून व्हॅसलिन लावावे. उणे तार गाडीच्या अंगास जेथे आवळलेली असते तेथे गंज धरतो. आल्टरनेटरमधले कार्बन झिजतात. एखादा डायोड बिघडला तर इंजिन बंद असताही बॅटरी उलटी आल्टरनेटरमध्येच रिकामी होत राहते. रात्रीत बॅटरी उतरत असेल तर सर्व बंद करून, उणे तारेच्या मध्ये मीटर अँपिअरच्या खुणेवर लावून गळती पाहता येते. साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. त्याहून बरीच अधिक असेल तर एकेक फ्यूज काढावा, ज्याने आकडा पडेल त्या वाटेवर चोर. मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारू नये, मीटर जळेल. (आमच्या नातवाने जाळला.)

आणखी दोन गोष्टी मात्र आम्ही आग्रहाने सांगू. चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून 'गाडी चालते म्हणजे डायनॅमो चांगला' अशी परीक्षा अजून काही गॅरेजांत घेतात. डायनॅमोच्या काळी ती खपून गेली. आजच्या गाडीत त्या क्षणी दाब उसळून डायोड आणि गाडीचा संगणक दोन्ही निकामी होऊ शकतात, तेव्हा आपल्या गाडीवर हा प्रयोग करू देऊ नये. आणि पट्ट्याची हयगय नको. बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकला साहाय्य करणारा व्हॅक्यूम पंप आल्टरनेटरच्याच मागे जोडलेला असतो. पट्टा तुटला की चार्जिंग तर थांबतेच, शिवाय थोड्याच वेळात ब्रेकचा पाय दगडासारखा जड होतो. घाट उतरताना याचा अर्थ काय, ते आपल्या ड्रायव्हरांना विचारावे. त्याच पंपाचे तेल पाझरून कार्बनांवर गेले तरीही चार्जिंग बिघडते, म्हणून आल्टरनेटरच्या मागचा भाग तेलकट दिसला तर ती वरवरची घाण समजून पुसून टाकू नये, दाखवावा.

आमच्या पेढीत आता मीटर तराजूजवळच्या खुंटीस टांगलेला असतो. दर सोमवारी माल भरण्यापूर्वी ड्रायव्हर इंजिन बंद असतानाचा एक व चालू असतानाचा एक, असे दोन आकडे वहीत लिहितो. पाच मिनिटेही लागत नाहीत.

संघटनेस आमची सूचना अशी, की कार्यालयात एक चांगला मीटर ठेवावा आणि पावसाळ्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी सभासद व त्यांचे ड्रायव्हर यांना एकत्र बोलावून हे काम प्रत्यक्ष दाखवावे. त्या वृद्ध वायरमनांनी यावयाचे मान्य केले आहे. त्यांची अट एकच, की शेठलोकांनी ड्रायव्हरला घेऊन यावे, एकट्याने येऊ नये. गाडी आमचीच उभी करू, आणि तो तारेचा जळका तुकडा आम्ही जपून ठेवला आहे, तोही पाहावयास मिळेल.